पाण्याचा हिशोब धरून शिवलेले लंगोट: बेतण्यापासून नक्षीपर्यंत

बाळासाठी घरी लंगोट शिवायचं ठरलं की बहुतेक जणी आधी छापील कापड आणि रंगीत बटणं निवडायला बसतात. मराठवाड्यात मात्र पहिला विचार पाण्याचा करावा लागतो. एकदा शिवलेला लंगोट पुढे वर्षभर रोज धुवायचा असतो. तोही बहुधा बोअरच्या जड पाण्यात, आणि टँकरचे दिवस आले की मोजून दोन बादल्यांत. २०१६च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. त्या उन्हाळ्यात ज्या घरात तान्हं होतं, तिथं धुण्याची बादली हा रोजचा प्रश्न होता.

म्हणून बाजारातल्यासारखे आतून भरगच्च, पाच-सहा थर एकत्र शिवून टाकलेले डायपर घरी शिवू नका असंच मी सांगते. दिसायला ते देखणे असतात, पण साबण निघायला चार पाणी लागतात, आणि वरून वाळलेला डायपर दाबून पाहिला तर मधला थर ओलाच. आपल्याकडे ऊन आहे, पाणी नाही. तेव्हा शिवतानाच दोन गोष्टी पाळायच्या: धुताना प्रत्येक भाग सपाट उघडला पाहिजे, आणि कोणत्याही शिवणीत तीनपेक्षा जास्त थर अडकता कामा नयेत. खालची सगळी मापं या बेतानं काढली आहेत.

पहिल्या अडीच-तीन महिन्यांसाठी नाडीचा तिकोनी लंगोट, पुढे सुती डायपर, त्यात घालायची घडीची गादी आणि बाहेर जाताना वरून चढवायचं कव्हर, एवढ्या चार वस्तूंत वर्ष निघतं.

कापड कोणतं, आणि ते सुतीच आहे हे कसं ओळखायचं

घरातलं जुनं कापड सगळ्यात चांगलं. धुऊन धुऊन विरलेलं सुती लुगडं, आजोबांचं धोतर, मऊ झालेली चादर यांतली खळ कधीच निघून गेलेली असते. असं कापड पाणी लगेच पितं आणि टोचत नाही. तान्ह्याला पहिल्यांदा जुन्याच कपड्यात गुंडाळायची आपल्याकडे रीत आहे, ती उगीच नाही. मात्र हाताने ताणल्यावर टर्रकन फाटणारं कापड लंगोटाला चालत नाही. ते गादीच्या आतल्या थरात घाला.

नवं घ्यायचं तर तिकोनी लंगोटाला मलमल, डायपरच्या आतल्या बाजूला सुती फ्लॅनेल किंवा होजिअरी, म्हणजे बनियनचं कापड, आणि बाहेरच्या बाजूला पॉपलीन. गादीसाठी साधा आंघोळीचा टर्किश टॉवेल. मांजरपाट स्वस्त पडतो, पण तान्ह्याच्या अंगाला तो फार रखरखीत. संभाजीनगरची गुलमंडी असो, लातूरची गंजगोलाई असो की नांदेडचा वजिराबाद, होजिअरीचे कटपीस वजनावर विकणारं एखादं दुकान सापडतंच. लंगोटाला अखंड ताग्याची गरज नसते, कटपीस पुरतात.

दुकानदार ‘प्युअर कॉटन’ म्हणाला तरी खात्री आपण करावी. कापडाच्या कडेचे दोन-चार दोरे ओढून चिमट्यात धरा आणि काडी लावा. सुती दोरा कागदासारखा भुरभुर जळतो, जळक्या कागदाचाच वास येतो आणि मागे बोटांनी चुरडली जाणारी राखाडी राख उरते. टेरिकॉट किंवा पॉलिएस्टरची भेसळ असेल तर दोरा आखडतो, वितळतो आणि टोकाला कडक काळा मणी धरतो. तो मणी दिसला की कापड ठेवून द्या. असं कापड ओल शोषत नाही, आणि मे महिन्यात बाळाच्या मांड्यांवर घामोळं उठवतं.

नवं कापड बेतण्याआधी धुवायचंच. त्याला दोन कारणं आहेत. एक म्हणजे सुती कापड, त्यातही फ्लॅनेल, आटतं. आधी बेतून मग धुतलं तर डायपर एका बाजूला ओढला जातो. दुसरं, नव्या कापडात गिरणीची खळ आणि कापसाचा नैसर्गिक मेणचटपणा असतो, त्यामुळे पाणी आत शिरत नाही. शेजारच्या आत्याबाईंनी माझ्या हातातलं कोरं फ्लॅनेल चाचपून म्हटलं होतं, “आधी चार पाणी काढ गं माय याचे, मग लेकराला लाव.” चार पाणी झाले की नाही हे मोजत बसायला नको. वाळलेल्या कापडावर बोटानं पाण्याचा थेंब सोडा. तो मोत्यासारखा वर बसून राहिला तर अजून एकदा गरम पाण्यात, धुण्याचा सोडा घालून भिजवा. थेंब टेकताक्षणी पसरून काळपट डाग झाला की कापड तयार. हीच थेंबाची परीक्षा पुढे धुण्याच्या वेळीही कामाला येणार आहे.

दोरा पॉलिएस्टरचा घ्या, सुती दोरा रोजच्या धुण्यात लवकर कुजतो. मशीन साधी पायाची असली तरी चालते. सुईचा नंबर पॉपलीन-फ्लॅनेलला १४, टॉवेलला १६. होजिअरीवर टाके सुटत असतील तर गोल टोकाची सुई मिळते, ती लावा.

नाडीचा तिकोनी लंगोट

हा शिवायला सगळ्यात सोपा आणि वाळायला सगळ्यात लवकर. तान्हं दिवसातून दहा-बारा वेळा सहज ओलं करतं, म्हणून हे दोन-अडीच डझन तरी हवेत.

३६ इंची पन्ह्याची मलमल १ मीटर घेतली तर धुतल्यावर पन्हा ३४-३५ इंचांवर येतो. त्यातून १७ इंचांचे ४ चौकोन निघतात, म्हणजे मीटरला ४ लंगोट. चौकोन तिरका दुमडा, सुलटी बाजू आत. आता तुमच्यापुढे दुहेरी त्रिकोण आहे, घडीची बाजू साधारण २४ इंचांची. या घडीची दोन्ही टोकं ३-३ इंचांवर सरळ उभी कापून टाका. टोकं तशीच ठेवली तर कमरेला कापडाचा बोळा होतो आणि बाळ कुशीवर झोपलं की तो रुततो.

नाडीसाठी त्याच मलमलीच्या १ इंच रुंद पट्ट्या कापा, दोन्ही कडा आत दुमडून टीप मारा, ९ इंच लांबीच्या दोन. बाजारची नायलॉनची नाडी किंवा सॅटिनची फीत नको. एक घसरून सुटते, दुसरी ओली झाली की काचते. कापलेल्या दोन्ही उभ्या कडांच्या मधोमध नाडी दोन थरांमध्ये आतल्या बाजूला ठेवा, टोक कडेला येऊ द्या. त्रिकोणाच्या शेंड्यात त्याच पट्टीचा, बोट जाईल एवढा फासा तसाच अडकवा. आता उघड्या कडांवर पाव इंच आत टीप मारा, एका बाजूला दोन इंच जागा सोडून. कोपरे छाटा, लंगोट सुलटा करा, नाड्या आणि फासा आपोआप बाहेर येतील. सोडलेली जागा आत दुमडून सगळ्या कडेनं वरून एक टीप फिरवली की झाला. नाडीच्या मुळाशी मात्र टीप तीनदा मागे-पुढे घ्या, पहिली उसवते ती तीच जागा.

बांधताना घडीची बाजू कमरेखाली, शेंडा पायांमधून पोटावर, मग दोन्ही बाजू त्यावर आणून नाडी फाशातून ओवून बाजूला सैल गाठ. गाठ बेंबीवर येऊ देऊ नका. नाळ पडेपर्यंत शेंडा बेंबीच्या खाली बाहेरच्या बाजूला दुमडून घ्यायचा, म्हणजे नाळ कोरडी राहते. आणि एक गोष्ट घरातल्या मोठ्यांना न दुखवता पण ठामपणे सांगावी लागते: पाय सरळ ओढून, जुळवून घट्ट बांधायचे नाहीत. तान्ह्याचे पाय नैसर्गिकपणे गुडघ्यात वाकलेले आणि बाहेर फाकलेले असतात, ते तसेच राहू दिले तर खुब्याचा सांधा नीट बसतो.

घडीची गादी

ओल धरायचं खरं काम गादीचं. ३० बाय ६० इंचांच्या एका टॉवेलातून १४ इंचांचे ८ चौकोन निघतात. प्रत्येक चौकोनाला जुन्या लुगड्याचे, याच मापाचे दोन तुकडे जोडा. एकूण तीन थर. सुलट्या बाजू आत घेऊन अर्धा इंच आतून टीप, हात जाईल एवढी जागा सोडून उलटा करा, जागा बंद करा. ही झाली १३ इंचांची चौकोनी गादी. वापरताना तिची उभी तिपदरी घडी घालायची, म्हणजे सव्वाचार इंच रुंद आणि नऊ थरांची पट्टी तयार होते. धुताना ती परत तीन थरांची सपाट. एप्रिल-मेच्या उन्हात ही गादी दोरीवर टाकून घरातलं एखादं काम उरकेपर्यंत वाळते.

मुलगा असेल तर गादीची पुढची तीन-चार इंच उलटी दुमडा, ओल पुढे येते. मुलीला तीच दुमड मध्यावर हवी. रात्रीसाठी दोन गाद्या एकावर एक ठेवा, जास्त थरांची वेगळी गादी शिवू नका.

टॉवेलाच्या कापलेल्या कडांतून लव गळत राहते. घराजवळ कुणी इंटरलॉक करून देत असेल तर चौकोन आधी तिथून आणा. नाहीतर शिवणीच्या आत कडेला आणखी एक टीप मारा.

मायक्रोफायबरच्या तयार गाद्या कुणी भेट दिल्या असतील तर त्या बाळाच्या कातडीला थेट लागू देऊ नका. त्या ओलीसोबत कातडीतली स्निग्धताही ओढून घेतात. वर सुती थर टाकून वापरा.

सुती डायपर: कागदी बेत आणि शिलाई

साधारण ५ ते ९ किलो वजनाच्या बाळाला हे माप बसतं. वर्तमानपत्राची उभी घडी घाला, घडीची बाजू म्हणजे डायपरची मधली रेघ. घडीवर १६ इंच लांबी घ्या. वरच्या टोकाला, म्हणजे पाठीकडे, घडीपासून ७ इंच रुंदी, आणि ती ३ इंच खालपर्यंत तशीच. खालच्या टोकाला, पोटाकडे, साडेपाच इंच रुंदी, तीही ३ इंच वरपर्यंत. मध्ये, वरून साडेआठ ते दहा इंचांच्या दरम्यान, रुंदी फक्त ३ इंच. आता पाठीच्या पंखापासून मधल्या अरुंद भागापर्यंत आणि तिथून पुढच्या भागापर्यंत हलक्या हातानं गोलाई जोडा. पंखांचे कोपरेही गोल करा. घडी उघडली की डमरूसारखा आकार दिसेल. ही मापं शिवून झाल्यावरची आहेत, बेतताना चहूबाजूंनी अर्धा इंच जास्त धरा.

या कागदावरून एक तुकडा बाहेरच्या पॉपलीनचा आणि एक आतल्या फ्लॅनेलचा कापा. फ्लॅनेलची लवदार बाजू बाळाकडे. नक्षी काढायची असेल तर ती आत्ताच, दोन्ही तुकडे सुटे असताना. तो भाग पुढे सविस्तर येतो.

वेल्क्रोची मऊ पट्टी, १० इंच लांब आणि १ इंच रुंद, बाहेरच्या तुकड्याच्या पुढच्या भागावर, कापलेल्या पोटाकडच्या कडेपासून सव्वा इंच सोडून, चारही बाजूंनी टीप मारून बसवा. खरखरीत पट्टीचे दीड इंचांचे तुकडे दोन्ही पंखांच्या आतल्या बाजूला, म्हणजे फ्लॅनेलवर. तुकड्यांचे कोपरे कात्रीनं गोल केले नाहीत तर ते बाळाच्या पोटाला ओरखडे काढतात. शेजारीच मऊ पट्टीचा एकेक छोटा तुकडा लावून ठेवा. धुताना खरखरीत पट्टी त्यावर दुमडून बंद करायची, म्हणजे ती दोरे आणि लव गोळा करत नाही आणि दुसरे कपडे ओरबाडत नाही. टिचबटणं लावायची तर ती पक्कडीनं दाबून बसवणाऱ्या दुकानातून लावून घ्या. हाताने शिवायची बटणं या कामाला नकोतच, दोरा तुटला की बटण सरळ बाळाच्या तोंडात जातं.

दोन्ही तुकडे सुलट बाजू आत घेऊन जुळवा, टाचण्या लावा. पुढच्या सरळ कडेला ४ इंच जागा सोडून बाकी सगळीकडे अर्धा इंच आत टीप मारा. मांडीच्या गोलाईवर शिवणीबाहेरच्या कापडाला दर अर्ध्या इंचावर कात्रीनं छोटे काप द्या, टिपेपासून दोन दोरे अलीकडेच थांबून. हे काप दिले नाहीत तर सुलटं केल्यावर गोलाई आखडते.

आता इलॅस्टिक. पाव इंच रुंदीचं, प्रत्येक मांडीला ६ इंच, पाठीला साडेतीन इंच. मांडीच्या गोलाईवर पंखाखाली एक इंच आणि पुढच्या भागाअलीकडे एक इंच सोडून खडूनं खुणा करा. खुणांमधलं अंतर नऊ-दहा इंच भरेल. इलॅस्टिकचं एक टोक पहिल्या खुणेवर तीनदा टीप मारून पक्कं करा, दुसरं टोक ताणून दुसऱ्या खुणेवर धरा, आणि टिपेबाहेर जो अर्धा इंच कापडाचा दाब आहे त्यावर ताणलेलं इलॅस्टिक शिवत जा. इथं दोन्ही हात गुंततात: एक सुईमागून कापड हलकं ओढतो, दुसरा पुढून इलॅस्टिक ताणून धरतो, आणि मशीन पायानं हळू चालवावी लागते. मागचा हात जोरानं ओढायला लागला की सुई वाकून पट्टीवर आपटते आणि मोडते. पाठीचं इलॅस्टिक तसंच, मधल्या सहा इंचांवर.

सोडलेल्या जागेतून डायपर सुलटा करा, कोपरे बोटानं बाहेर काढा. जागा आत दुमडून कडेलगत सगळीकडे एक टीप फिरवा, मग मांड्यांना आणि पाठीला पाऊण सेंटिमीटर अंतरावर दुसरी. त्या दोन टिपांच्या मध्ये इलॅस्टिक बंद होतं आणि सुंदर चुण्या पडतात.

बाळाला घालून पाहा. पोटाशी दोन बोटं सहज शिरली पाहिजेत. काढल्यावर मांडीवर फिकट वळ असेल आणि तो थोड्या वेळात जात असेल तर ठीक, लालभडक खोल वळ असेल तर इलॅस्टिक अर्धा इंच सैल करा. मांडीशी फट दिसत असेल तर गळणार, मग गादी कितीही जाड घाला.

नक्षी

लंगोटावर कशाला नक्षी, असं म्हणणारे घरात असतातच. पण बारशाला किंवा बाळंतविड्यात द्यायचे असतील तर चार टाके घातलेला डायपर कुणीही कौतुकानं उलगडून पाहतं. अट एवढीच की नक्षीनं ओल शोषायच्या कामात आणि बाळाच्या कातडीत मध्ये येऊ नये. म्हणून डायपरवर नक्षी फक्त बाहेरच्या तुकड्यावर, आणि तीही बसायच्या भागावर, म्हणजे पाठीच्या पंखांमधल्या चौकोनात. मांडीच्या अरुंद भागात काही नको, तिथं घासतं. दोन तुकडे जोडण्याआधी टाके घातले की मागच्या गाठी दोन थरांमध्ये झाकल्या जातात.

मला स्वतःला सगळ्यात आवडतो तो वाकळीचा धावदोरा. आपल्याकडे जुन्या लुगड्यांची वाकळ शिवतात तेव्हा कडेपासून सुरुवात करून बोटभर अंतरानं समांतर ओळी आत आत घेत नेतात. गादीवर हे टाके घातले तर ती नुसती शोभा राहत नाही. तिन्ही थर एकमेकांना धरून राहतात आणि धुताना आतला थर गोळा होत नाही. लाल, हिरवा, पिवळा असे तीन रंगांचे दोरे आलटून पालटून घ्या. टाका तांदळाएवढा, दोन टाक्यांतली जागाही तेवढीच. ओळी अगदी दाट घातल्या तर मात्र गादी ताठर होते, बोटभर अंतर सोडायचं ते त्यासाठी.

डायपरच्या पाठीवर ठिगळकाम छान दिसतं. पोळ्याच्या सुमारास जन्मलेल्या लेकराला झूल घातलेला बैल, दिवाळीच्या बाळाला पणती, नाहीतर आपल्या काळ्या रानाचं उमललेलं कापसाचं बोंड. आकार साधा आणि तळहातापेक्षा लहान ठेवा. कापताना चहूबाजूंनी पाव इंच जास्त घ्या, ती कड आत दुमडून इस्त्री फिरवा, कच्चा दोरा घालून जागेवर बसवा आणि मग बारीक तुरपाई. बोंडाच्या पाकळ्या पांढऱ्या मलमलीच्या, देठ साखळी टाक्याचा. बंजारा तांड्यावरच्या बायकांचं भरतकाम पाहिलं असेल तर त्यातले चौकोन, त्रिकोण आणि तिरक्या रेघांचे पट्टे उचलण्याजोगे आहेत. आरसे, कवड्या, मणी मात्र तिथंच राहू द्या. टिकली, मोती, घुंगरू यांतलं काहीही लंगोटावर नको, कितीही घट्ट शिवलं तरी. जरीचा काठही नको, जर तुटून टोचते. नारायणपेठी किंवा इरकली लुगड्याचा सुती काठ उरला असेल तर तो कमरेच्या पुढच्या भागावर पट्टी म्हणून बसवा, वेल्क्रोच्या खाली.

नजरेसाठी काळा मणी बांधायचा आग्रह झाला तर पाठीच्या एका कोपऱ्यात काळ्या दोऱ्याची छोटी फुली घाला. आजीचं समाधान होतं आणि गिळण्यासारखं काही राहत नाही.

दोऱ्याचा रंग पक्का आहे का हे आधी पाहायचं. लाल आणि गडद निळा हमखास फसवतात. दोऱ्याचा वीतभर तुकडा ओला करा, पांढऱ्या सुती चिंधीच्या घडीत ठेवा आणि वरून गरम इस्त्री दाबा. चिंधीवर रेघ उमटली तर तो दोरा बाळाच्या कपड्याला वापरू नका. ठिगळाच्या कापडाचीही अशीच परीक्षा घ्या. कापडाचे रंग वापरून चित्र काढता येतं, पण रंगाचा थर कापड बुजवतो आणि ताठ करतो. बाहेरच्या तुकड्यावर एखादं बारीक चित्र पुरे, वाळल्यावर उलट्या बाजूनं इस्त्री करून रंग पक्का करा.

प्रवासासाठी कव्हर

सुती डायपर बाहेरून दमट होतोच, घरात त्याचं काही बिघडत नाही. एसटीनं जायचं किंवा दवाखान्यात ताटकळायचं असेल तेव्हा वरून कव्हर हवं. त्याला पीयूएल नावाचं कापड येतं, एका बाजूला पाणी अडवणारा पातळ थर बसवलेलं. ऑनलाइन सहज मिळतं. साध्या प्लास्टिकच्या चड्डीत हवा अजिबात खेळत नाही, आपल्या उन्हाळ्यात ती नकोच. लोकर पाणी अडवते म्हणून काही जणी लोकरीची कव्हरं विणतात, पण त्याला मऊ लोकर लागते. आपल्या घोंगडीची लोकर पावसाला भारी असली तरी लेकराच्या अंगाला फार बोचरी.

बेत तोच, चहूबाजूंनी आणखी अर्धा इंच मोठा, आणि एकच थर. चकचकीत बाजू आत. कडा आत दुमडून तिथंच इलॅस्टिक घालायचं. सुईनं पडलेलं भोक या कापडात बुजत नाही आणि तिथूनच गळतं. म्हणून टाचण्या फक्त कडेच्या दाबात लावा किंवा कपडे वाळत घालायचे चिमटे वापरा. सुई ११ नंबरची, टाका थोडा मोठा, ३ मिलिमीटरचा. चकचकीत बाजूवर मशीनचा कापड दाबणारा पाय अडकतो, तेव्हा वर वर्तमानपत्राची पट्टी ठेवून शिवा आणि मग कागद फाडून काढा. दोरा इथं पॉलिएस्टरचाच. सुती दोरा ओल शोषून बाहेर आणतो. यावर भरतकाम नाही, छापील पीयूएल घेतलं की हौस भागते. उकळतं पाणी आणि इस्त्री याला चालत नाही.

धुणं

शी असलेला लंगोट आधी गार पाण्यात. गरम पाण्यात टाकला तर डाग बसतो. पाणी वाचवायची सोपी पद्धत अशी: आज शेवटचं खळबळलेलं पाणी, ते जवळपास स्वच्छच असतं, झाकून ठेवायचं आणि उद्याच्या पहिल्या गार धुण्याला वापरायचं. शी धुतलेलं पाणी मात्र संडासात, परसातल्या मेथी-कोथिंबिरीला नाही.

बोअरच्या जड पाण्यात वडीचा साबण चोथा धरतो. तो चोथा कापडात बसत जातो, लंगोट करकरीत होतो, ओल घेईनासा होतो आणि त्याला अमोनियाचा उग्र वास यायला लागतो. वडीऐवजी पावडर वापरा, तीही थोडी, आणि बादलीभर गरम पाण्यात एक मोठा चमचा धुण्याचा सोडा आधी विरघळवा. सोडा पाण्याचा जडपणा मोडतो, मग पावडर कमी लागते आणि लवकर निघते. कपडे मऊ करणारी सुगंधी द्रावणं लंगोटांना लावू नका, त्यांचा थर बसून कापड पाणी झिडकारतं. जंतुनाशकाचं झाकणही रोज ओतायची गरज नाही, उरलेल्या अंशानं कातडी चुरचुरते.

महिन्यातून एकदा थेंबाची परीक्षा घ्या. थेंब वर बसून राहिला किंवा धुतलेला लंगोट साध्या कोमट पाण्यात पिळल्यावर फेस आला, तर साबण अडकला आहे. मग नुसत्या गरम पाण्यात फेस संपेपर्यंत खळबळा.

पिवळे डाग घासत बसू नका. लंगोट ओला असतानाच कडक उन्हात, डागाची बाजू वर करून टाका, दोन-तीन दिवसांत डाग फिकट होऊन जातात. कव्हरं मात्र सावलीत. सततच्या झडीत दोरीवरचे लंगोट दमट राहिले तर घडी घालण्याआधी इस्त्री फिरवून घ्या.

कापडी लंगोट ओला झाला की बदलायचा, तो चार-पाच तास तसाच ठेवायची वस्तू नाही. मध्ये थोडा वेळ बाळाला उघडं राहू द्या. पावडर थापू नका, ती श्वासात जाते. जांघेच्या घड्यांत लालभडक चट्टा आणि आजूबाजूला बारीक पुरळ उठलं असेल, पाण्याचे फोड आले असतील किंवा दोन-तीन दिवसांत लाली उतरली नाही, तर डॉक्टरांना दाखवा. बुरशीच्या संसर्गाला वेगळं औषध लागतं.

सात-आठ महिन्यांत इलॅस्टिक ढिलं पडतं, डायपर तोवर धडधाकट असतो. मांडीच्या दोन्ही टिपा आणि कडेची शिवण इलॅस्टिकच्या लांबीएवढी उसवा, जुन्या इलॅस्टिकचे टाके कापून ते काढा, नवं पहिल्यासारखंच ताणून शिवा आणि कडा आत दुमडून दोन्ही टिपा पुन्हा मारा. याच वेळी बाळ वाढलं असेल तर इलॅस्टिक साडेसहा इंचांचं घाला.